वडिलांच्या वळणाचं अक्षर

शाईमावशीला शाईमावशी का म्हणतात हे गल्लीतल्या पोरांना ठाऊक नव्हतं. पुस्तकं बांधायच्या कारखान्यात काम करते, म्हणून असेल, असं त्यांना वाटायचं. आता पुस्तकबांधणीचा आणि शाईचा काय संबंध? तिथे खळ असते, पुठ्ठा असतो, सुई-दोरा असतो. शाई आधीच छापखान्यात वाळून आलेली असते. पण पोरांना कोण सांगत बसणार. तीस वर्षं ती त्याच खिडकीपाशी त्याच स्टुलावर बसून छापील कागदांच्या घड्या शिवत होती, आणि तिने शिवलेलं पुस्तक उसवलं अशी तक्रार मालकाच्या कानावर एकदाही आली नव्हती. स्वभावाने फटकळ. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "विचारणारे पुष्कळ भेटले, करणारा एकही नाही." समोरच्याची बोलती बंद.

नाव पडलं होतं ते वडिलांमुळे. वडील यहुद्यांच्या प्रार्थनाघराचे लेखनिक होते. साधे पत्रलेखक नव्हेत. प्रार्थनाघरात जो सेफेर असतो, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांची चामड्यावर हाताने लिहिलेली मोठी गुंडाळी, तो लिहिणारे. शाईसाठी मायफळं कुटायची, डिंक भिजवायचा, हिराकस टाकून काळं पाणी मंद आचेवर ठेवायचं, ही कामं आठ वर्षांची असल्यापासून तिच्याकडे होती. आई लवकर गेली, भाऊबहीण कुणी नाही. घरात दोन माणसं आणि शाईचं पातेलं. हात कायम काळे, मग शाळेतल्या मुली नाव ठेवणार नाहीत तर काय करणार?

सेफेर लिहिणं हा पोरखेळ नव्हे. समोर तपासलेली प्रत ठेवायची. पाठ असलं तरी आठवणीवरून लिहायचं नाही. एक शब्द बघायचा, मोठ्याने म्हणायचा, मग लिहायचा. अक्षराला अक्षर चिकटलं की बिघडलं. साधी चूक पात्याने खरवडता येते, पण देवाचं नाव खरवडता येत नाही. आणि ते नाव लिहिण्याआधी दर वेळी, अगदी दर वेळी, तोंडाने म्हणायचं असतं, की हे मी त्याच्या नावाच्या पवित्रतेसाठी लिहितो आहे. ते न म्हणता लिहिलं तर अख्खं पान बाद. पुन्हा वापरायचं नाही, फेकायचंही नाही. माणसासारखं पुरायचं.

तिच्या बाविसाव्या वर्षाची गोष्ट. जुना सेफेर छपरातून गळलेल्या पाण्याने नासला होता आणि वडील नवा लिहायला बसले होते. एका दुपारी खाली रस्त्यावर दोन हातगाड्या एकमेकींवर आदळल्या, आरडाओरडा झाला, वडिलांनी मान वर केली, पुन्हा खाली घातली आणि देवाचं नाव लिहिलं. मग बोरू खाली ठेवला. तीन आठवड्यांचं पान होतं ते. त्यांनी ते बाजूला काढलं.

"काय झालं, बाबा?" तिने विचारलं.

"म्हटलं की नाही ते आठवत नाही."

"म्हटलं असेल की. सवयीचं आहे तुमच्या. आणि कुणाला कळणार आहे?"

"मला नाही का कळलं?" वडील म्हणाले आणि नवं चामडं आखायला घेतलं. एवढंच. ओरडले नाहीत, शिकवण दिल्याचा आव नाही. त्या दिवशी तिला त्यांचा राग आला होता, आणि इतका अभिमान वाटला होता की जेवण गेलं नाही.

तिलाही लिहायला त्यांनीच शिकवलं. चामड्याच्या कापून उरलेल्या पट्ट्यांवर, कधी जुन्या पुठ्ठ्यावर. बोरू कसा तासायचा, कुठे दाब द्यायचा, कुठे हात सोडायचा. तिचं अक्षर हुबेहूब त्यांच्या वळणाचं झालं. पण ते पट्टीवर. सेफेरला तिचा बोरू लागायचा नाही, कारण बाईने लिहिलेला सेफेर मंडळीसमोर वाचायला चालत नाही, असा नियम. एकदा तिने पाच बहिणींची गोष्ट काढली. मोशेच्या काळातल्या त्या पाच बहिणी, ज्यांचा बाप रानावनात मेला आणि ज्यांना भाऊ नव्हता. त्या सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसायचं, त्याचा वाटा आम्हाला द्या. आणि देवाने सांगितलं, मुली बरोबर बोलतात.

"मग मला का नाही?" ती म्हणाली.

वडील हसले, पण डोळ्यांनी नाही. "त्यांना जमीन मिळाली, पोरी. बोरू नाही मिळाला."

सेफेरला नऊ वर्षं लागली. आठव्या वर्षी वडिलांचा हात थरथरायला लागला. आधी थोडा, मग पेला धरला की पाणी सांडे इतका. पन्नासेक पानं झाली होती, पाच राहिली होती. प्रार्थनाघरातली माणसं दर आठवड्याला विचारायची, कुठवर आलं? वडील म्हणायचे, आलं, आलं. दुसरा लेखनिक आसपास कुठेच नव्हता. अर्धवट सेफेर कुणी वाचत नाही. तो कपाटात पडून राहणार आणि वडील त्याच्याकडे बघत मरणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

एका दुपारी त्यांनी बोरू तिच्या हातात दिला आणि तिच्या मनगटावर आपला हात ठेवला. "मी धरलंय," म्हणाले. "लिही." पहिलं पान असं झालं, मनगटावर त्यांचा थरथरणारा हात, आणि तो हलू नये म्हणून तिचाच जीव टांगणीला. दुसऱ्या पानाला तो हात उचलून त्यांनी मांडीवर ठेवला. शब्द ते वाचत, ती मोठ्याने म्हणे आणि लिही. देवाचं नाव आलं की दोघंही मिळून ते वाक्य म्हणत. तिने एकदाच विचारलं, "बाबा, हे चालेल का?" ते म्हणाले, "पुढचा शब्द सांगतो." पाच पानं तिने लिहिली. तातीच्या, म्हणजे जनावराच्या स्नायूच्या, दोऱ्याने सगळी पानं एकमेकांना शिवली तीही तिनेच. सेफेर वाजतगाजत प्रार्थनाघरात गेला, शेवटच्या पानावर नुसत्या कडा काढून पोकळ ठेवलेली अक्षरं एकेका बुजुर्गाने भरली, लोकांनी वडिलांच्या हाताचं चुंबन घेतलं. चार महिन्यांनी वडील वारले. त्या विषयावर तोंडातून ब्र न काढता वारले.

पुढची सव्वीस वर्षं ती दर आठवड्याला मागच्या बाकावर बसून तो सेफेर वाचलेला ऐकत होती. शेवटची पाच पानं वर्षातून थोडेच आठवडे यायची. त्या आठवड्यांत तिचं डोकं दुखायचं. घरी राहिली तर लोक विचारायचे, म्हणून जायची. मूग गिळून बसायची, आणि आपल्याच अक्षरावर लोक कसे उभे राहून मान झुकवतात ते बघायची. खोटं कशाला बोला, तिला बरंही वाटायचं. आणि घरी आली की त्या बऱ्या वाटण्याचीच किळस यायची.

दरम्यान मंडळी पांगली. मुलं परदेशी गेली, म्हातारी गेली त्यांच्या जागी कुणी आलं नाही. जाहीर वाचनाला दहा पुरुष लागतात, गेल्या काही महिन्यांपासून सातच उरले होते. सातांत मोठे होते ते घड्याळवाले दादा. चौकात दीड हाताचं दुकान, डोळ्याला भिंग, सत्तरी ओलांडलेली, प्रार्थनाघराच्या किल्ल्या त्यांच्याकडे. एके दिवशी ते कारखान्यात आले, तिच्या स्टुलाशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "सेफेर द्यायचं ठरवलंय. दूर एक नवी मंडळी जमलीय, तरुण माणसं आहेत, त्यांच्याकडे सेफेर नाही. इथे कपाटात ठेवून कसर लावण्यापेक्षा तिथे वाचला जाईल. तुझ्या बापाचं नाव अजून शंभर वर्षं राहील."

तिच्या हातातली सुई अंगठ्यात गेली. "बरं," ती म्हणाली.

"त्यांचा माणूस येतोय तपासायला. लेखनिकच आहे. तू वारस, तू हजर राहा."

तपासनीस आला तो चाळिशीचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, बोलायला मृदू. तीन दिवस प्रार्थनाघरातल्या लांब टेबलावर सेफेर उलगडून तो एकेक अक्षर बघत होता. तीही तिथेच. सेफेरचं मखमली आवरण विरलं होतं, ते दुरुस्त करायच्या निमित्ताने सुट्टी काढून बसली होती. टाके घालत होती आणि उसवत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तो शेवटच्या पानांवर आला. घड्याळवाले दादा दुकान बंद करून आले होते.

"कमाल आहे," तपासनीस म्हणाला. "सगळंच सुंदर आहे, पण ही शेवटची पाच पानं... म्हातारपणी माणसाचा हात बिघडतो. ह्यांचा सुधारलाय. ताई, तुमचे वडील शेवटी फार शांत झाले असतील."

ती आवरणावरचा टाका उसवत राहिली.

त्याने पिशवीतून कागद काढला. "एवढी सही लागेल. वारसाचं निवेदन. हा सेफेर माझ्या वडिलांनी अथपासून इतिपर्यंत स्वतःच्या हाताने लिहिला. मी खाली तपासणीचा शेरा लिहितो, आणि झालं."

आता काय होतं तिच्यासमोर, ते बघा. सही केली की वडिलांचं नाव शंभर वर्षं. कुणाला कळणार नव्हतं. भिंग लावून तीन दिवस बघणाऱ्याला कळलं नाही, तर कुणाला कळणार? आणि नाही केली, तर ज्या सेफेरसाठी बापाने आयुष्य घातलं तो बाद, आणि बाप खोटारडा. मेलेल्या माणसाची अब्रू आपल्या हाताने काढायची. ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. तिला वडिलांचा विलक्षण राग आला, इतक्या वर्षांत आला नव्हता तेवढा. तीन आठवड्यांचं पान बाजूला काढणारा माणूस, आणि पाच पानांना मात्र तोंड मिटून बसला. मला हे ओझं देऊन गेला. वारसा म्हणे.

पण राग आला तरी माणूस तोच होता. त्याच्याकडून तिला घर मिळालं नव्हतं, जमीन मिळाली नव्हती. मिळाला तो सेफेर, ज्याला हात लावायची तिला मुभा नव्हती, आणि ती हातगाड्यांची दुपार. दोन्ही ठेवता येणार नव्हतं. जी तरुण माणसं दूर कुठेतरी त्या पानांसमोर उभी राहणार होती त्यांनी तिचं काय वाकडं केलं होतं, की तिने त्यांना फसवावं?

"शेवटची पाच पानं बाबांनी नाही लिहिली," ती म्हणाली. "मी लिहिली."

घड्याळवाले दादा हसले. त्यांना ती थट्टा वाटली. तपासनीस हसला नाही. त्याने पिशवीतून चामड्याची एक पट्टी काढली, बोरू आणि दौत काढली आणि तिच्यापुढे सरकवली. ती बसली. सव्वीस वर्षं तिने बोरू धरला नव्हता. पहिलं अक्षर जरा अडखळलं, मग ओळ सरळ निघाली.

त्याने ती ओळ सेफेरशेजारी धरली. कितीतरी वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हे तुमच्या वडिलांचं वळण झालं. तुमचं स्वतःचं कसं आहे?"

"हेच," ती म्हणाली. "दुसरं नाही येत."

दादांचा चेहरा उतरला होता. "माझ्या पोराने पहिलं वाचन ह्यातून केलं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, तो फुटला होता. "माझ्या बापाने शेवटच्या पानावर अक्षर भरलं. मरताना सांगत होता, माझं एक अक्षर आहे तिथे. सव्वीस वर्षं तू मागे बसून बघत होतीस. तोंड शिवलं होतं का?"

"हो, दादा."

"तुझा बाप असा नव्हता."

"तसाच होता. तुमचा सगळ्यांचा जीव त्या सेफेरमध्ये अडकला होता, आणि त्याचा हात गेला होता. त्याला नाही म्हणवलं नाही." ती पुढे काही बोलणार होती, पण दादांनी पाठ फिरवली आणि किल्ल्या टेबलावर ठेवून निघून गेले.

तपासनीस तसा भला माणूस. त्याने समजावून सांगितलं. वडिलांनी लिहिलेलं बाद होत नाही, शिवण उसवून पाच पानं वेगळी करायची, ती तो स्वतः नव्याने लिहील आणि जोडेल. तिथे सेफेर वाचला जाईल. वडिलांचं नाव राहील, शेवटच्या पानांना तपासनिसाचं लागेल. काढलेली पानं पुरायची, कारण त्यांत देवाचं नाव आहे.

"म्हणजे वाचायला चालत नाहीत, पण पुरण्याइतकी पवित्र आहेत," ती म्हणाली.

तो खाली बघत म्हणाला, "हो, ताई. नियम मी केला नाही."

"माहीत आहे. द्या इकडे, मी उसवते. शिवलेलीही मीच आहेत."

तात सहजी सुटत नाही. तिने इतकी घट्ट शिवली होती की नखं दुखली. तपासनीस कंदील धरतो म्हणाला तर म्हणाली, "दिवस आहे अजून, मला दिसतंय." पाच पानं वेगळी झाली. तिने ती एकावर एक ठेवली, कडा जुळवल्या आणि पांढऱ्या कापडात गुंडाळली. मातीच्या मडक्यात घालून दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांच्या कबरीशेजारी पुरली. चार माणसं आली होती. दादा सगळ्यांच्या मागे उभे होते. मडकं खाली सोडण्याआधी ते पुढे आले, कापड उघडून शेवटचं पान काढलं, आपल्या बापाने भरलेलं अक्षर शोधलं, त्यावर बोट ठेवलं आणि पान परत दिलं. तिच्याकडे बघितलं नाही.

तपासनीस जायच्या दिवशी कारखान्यात निरोप घ्यायला आला. सेफेर त्याने नव्या आवरणात नीट बांधला होता. तिच्या हातात त्याने तपासणीच्या शेऱ्याची प्रत दिली. "सेफेरसोबत मूळ कागद राहील," तो म्हणाला. "तुम्हाला विचारलं नाही, पण लिहिलंय." आणि गेला.

ती स्टुलावर बसली होती. मांडीवर अर्धं शिवलेलं पुस्तक. वाचलं. पहिली पन्नास पानं अमुक लेखनिकाची. शेवटची पाच नव्याने लिहायची. आणि खाली एक ओळ: काढलेली पाच पानं लेखनिकाच्या मुलीने, तिचं नाव, लिहिली होती, तपासणीत त्यांत एकही चूक सापडली नाही.

तिने पुस्तक खाली ठेवलं. दारात कुणीतरी उभं होतं. घड्याळवाले दादा. सेफेर निघाला तो बघायला आले होते की तिच्याशी भांडायला, त्यांनाच ठाऊक. तिने कागद पुढे केला. त्यांनी भिंग डोळ्याला लावून वाचला, दोनदा वाचला.

"एकही नाही?" ते म्हणाले.

"एकही नाही."

"तुझा बाप तपासत होता ना? रोज?"

"पहिली तीन पानं तपासली," ती म्हणाली. "शेवटची दोन बघितलीच नाहीत. मी पान त्यांच्यापुढे धरायची आणि ते म्हणायचे, ठेव. मला वाटायचं, त्यांना लाज वाटते माझ्या अक्षराकडे बघायची. सव्वीस वर्षं हेच वाटत आलं, दादा. मी विचारलं नाही कधी. बघायची गरज नाही वाटली म्हणून बघितलं नसेल, हे डोक्यातच नाही आलं माझ्या."

दादा तिच्याशेजारच्या रिकाम्या स्टुलावर हळूहळू बसले.

"आता कुणाला विचारू?" ती म्हणाली, आणि कारखान्यातल्या सगळ्यांसमोर तोंडावर हात घेऊन रडायला लागली. बाप गेला तेव्हा ती रडली नव्हती.